बिनउताऱ्याचा आठवडा

आमच्या बारामती-इंदापूरकडं कुठल्याही गोष्टीची चौकशी शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबते. ॲव्हरेज किती पडलं? उसाचं एकरी ॲव्हरेज, गाईच्या दुधाचं ॲव्हरेज, मोटारसायकलचं लिटरमागं ॲव्हरेज. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली चढते, आकडा उमटतो, आणि वर्ष-सव्वा वर्ष पाणी पिऊन वाढलेलं शेत एका पावतीत मावतं. पुढं त्या उसातून साखर किती निघाली त्याचा उतारा, उताऱ्यावर दर, दरावर पोरीचं लग्न. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. याच आकड्यांनी इथल्या माणसांना स्लॅबची घरं दिली, पोरांना पुण्यात शिकायला पाठवलं. पण अशा मुलखात चारचौघांत 'मला एक छंद आहे' असं म्हणून बघावं. 'मला अधूनमधून चक्कर येते' असं सांगितल्यासारखे लोक मायेनं बघतात आणि जरा टेकायला सांगतात.

मला हा त्रास पन्नाशी जवळ आल्यावर सुरू झाला. राहायला बारामती, नोकरी इंदापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात, विषय मराठी. म्हणजे 'याचा उपयोग काय' या प्रश्नाची सवय मला नोकरीनंच लावलेली. परवा बायकोनं सहज विचारलं, "कॉलेज सोडून आठवडाभर तुम्ही करता तरी काय?" तिचा सूर तक्रारीचा नव्हता. सिलिंडरचा नंबर कुणी लावायचा एवढंच तिला ठरवायचं होतं. पण मी मनातल्या मनात हिशेब मांडला आणि जी यादी निघाली ती बघून माझी मलाच गंमत वाटली. अक्षरांची एक कसरत, उसनी दुर्बीण, फाशांवर चालणारा गोष्टींचा एक खेळ, आणि पळणं. सगळं काट्यावर घातलं असतं तरी काटा जागचा हलला नसता.

सोमवारी छंद नसतो. सोमवारी फक्त रविवारच्या पळण्याचे गुडघे असतात, आणि एसटीची पहिली पायरी चढताना ते आपली ओळख करून देतात. बारामतीहून इंदापूर पन्नासेक किलोमीटर. पालखी महामार्गाचं काम निघाल्यापासून रस्ता ऐसपैस झाला आणि सावली आखडली. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे. वाटेत जंक्शन नावाचं गाव लागतं, तिथं आज रेल्वेचा एक रूळ दिसत नाही. कंडक्टर "जंक्शन, जंक्शन" असा पुकारा करतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं लाल सदऱ्याचे हमाल, वाफ सोडणारं इंजिन, निरोपाचे रुमाल असा सगळा सरंजाम उभा राहतो. आणि उतरतात ती दप्तरं सावरणारी दोन पोरं आणि पिशवीत कोंबडी घेतलेली एक म्हातारी.

या प्रवासात मी मोरोपंतांचा एक खेळ खेळतो. पंत जन्मले पन्हाळ्याला, १७२९ साली. पण हयात काढली ती बारामतीत, कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाइकांच्या आश्रयाला. १७९४ मध्ये गेले तेही इथंच. आम्ही मास्तर मंडळी वर्गात त्यांना फार गंभीर करून टाकतो. आर्या, यमकं, पांडित्य, आणि पाच मार्कांची टीप. मला मात्र ते आमच्या गावातले पहिले छांदिष्ट वाटतात. एखाद्याचं एक रामायण लिहून समाधान व्हावं. पंतांनी एकशे आठ लिहिली असं सांगतात, आणि त्यांतल्या कितीतरींना काही ना काही अट. कुठं 'परंतु' या तीन अक्षरांची करामत, कुठं मंत्रातली अक्षरं ओळीनं ओवलेली. त्यातलंच एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लावून उच्चारायची अक्षरं वर्ज्य, म्हणजे प-फ-ब-भ-म बाद. आता 'राम' म्हणायचं तर ओठ मिटावेच लागतात. नायकाचं नाव घ्यायचं नाही आणि रामायण मात्र सबंध सांगायचं! असली अट माणसावर दुसरं कुणी घालत नाही. ती दुपारचं जेवण झाल्यावर, कऱ्हेवरून वारा येत असताना, 'जमतंय का बघू' म्हणून स्वतःच स्वतःवर घालून घ्यायची असते.

एसटीच्या खिडकीशी बसून मी गद्यात तेवढं करून बघतो. पहिला धक्का बसतो तो 'मी'चा. ओठ मिटल्याशिवाय 'मी' म्हणता येत नाही, 'आम्ही'ही नाही. म्हणजे आपण आधीच गाडीतून उतरलेले. बारामती म्हणता येत नाही, इंदापूर नाही, खुद्द मोरोपंत नाही. सणसर मात्र साधतं, लासुर्णे साधतं, आणि जंक्शन तर बिनरुळांचं असूनही सुखरूप पोचतं. कंडक्टरला झोपता येत नाही, त्याला निजवावं लागतं. टायर पंक्चर होत नाही. हळूहळू लक्षात येतं की या बिनओठांच्या जगात पगार नाही, परीक्षा नाही, पेपर नाहीत, प्राचार्य नाहीत. आई आहे, नदी आहे, साखर आहे, सुट्टी आहे. 'सकाळी थंडी, नदीकाठी धुकं, हाती चहा, कसलीच घाई नाही.' एवढं वाक्य जमायला बेलवाडी आली. शेजारचे गृहस्थ बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "सर, नामस्मरण का?" मी ओठाला ओठ न लावता 'हो' म्हणालो.

मधल्या एका दिवशी सहकाऱ्याच्या गाडीनं वाट वाकडी करून भिगवणकडं गेलो. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या काठाला, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. एके काळी नुसती मासेमारी करणारी पोरं आता होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात, आणि 'तो बघा, बार-हेडेड गूज, हिमालय ओलांडून आलाय' असं शेजारगल्लीतल्या जावयाबद्दल बोलावं तितक्या सहजपणे सांगतात. रोहित चिखलात उभा राहून डोकं उलटं करून जेवतो. चोच पाण्यात, टाळू जमिनीकडं. जे खातो त्याचाच रंग त्याच्या पिसांवर चढतो. सहकारी अर्थशास्त्राचे. ते बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिले आणि म्हणाले, "एवढ्या लांबून येतात म्हणजे परवडत असणार."

गुरुवार-शुक्रवार तपासायच्या गठ्ठ्यांत गेले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

शनिवारचा खेळ समजावून सांगणं अवघड. मी तो घरात, स्टाफरूममध्ये आणि एकदा केस कापणाऱ्याच्या खुर्चीत सांगून बघितला आहे. तिन्ही ठिकाणी शेवटी 'पण जिंकतं कोण?' असं विचारलं गेलं आणि माझी विकेट पडली. कुणीच जिंकत नाही. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो: रात्र आहे, पुढं पडका वाडा, आतून कण्हल्यासारखा आवाज येतोय, काय करता? बाकीच्यांनी एकेक सोंग घेतलेलं असतं. त्या सोंगाला शोभेल ते करायचं आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशाला विचारायचं. मोठा आकडा पडला तर कुलूप उघडतं, एक पडला तर चावी तुटून आतच राहते. गोष्ट कधी संपत नाही. फक्त उशीर होतो आणि माणसं घरी जातात.

याचं मूळ नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून तो बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. यातले गायगॅक्स विमा कंपनीत होते. ती नोकरी गेल्यावर घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करत. मला हा तपशील फार आवडतो. वर संसार, खाली तळघरात एका हातानं बुटाला टाके आणि दुसऱ्या हातानं ड्रॅगनला पंख. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. तीही घरातच खोक्यांत भरलेली. शेजाऱ्यांनी नक्की विचारलं असणार, यातून सुटतं किती? वीस बाजूंचा फासा मात्र त्यांचा शोध नव्हे. तसले फासे टॉलेमींच्या इजिप्तमध्येही होते आणि आज संग्रहालयांत काचेआड ठेवलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी नाईलच्या काठी कुणीतरी तो मुठीत खुळखुळवला असेल आणि घरातून कुणीतरी 'जेवायला वाढलंय' म्हणून हाक मारली असेल.

आमच्याकडं हा खेळ पुतण्यानं आणला. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे; सुट्टीला येताना मळके कपडे आणि फाशांची एक मखमली थैली आणतो. आमचा फड एरवी तात्यांच्या कृषी सेवा केंद्राच्या मागच्या गोदामात रंगतो, शटर अर्धं ओढून, युरियाच्या गोण्यांवर. दोन पोती दहा-सव्वीस-सव्वीसची एकावर एक ठेवली की टेबल. दुसरे गडी मेडिकलवाले, ज्यांना सगळी आळी डॉक्टरच म्हणते. सोंगं घेताना मोठी गंमत झाली. तात्यांनी चित्रातलं चकचकीत चिलखत बघून पॅलाडिन निवडला. पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा, त्यानं खोटं बोलायचं नसतं, असं पुतण्यानं सांगितलं तेव्हा तात्या क्षणभर गप्प झाले. म्हणाले, "मग ह्यानं धंदा कसा करायचा?" डॉक्टर झाले चोर. दिवसभर चिठ्ठीबरहुकूम औषध देणारा हा सज्जन माणूस शनिवारी रात्री राजाच्या कमरेची किल्ली लांबवतो आणि घोटभर सरबत पिऊन ताजातवाना होतो. फक्त जखमा भरून आणणारी जादूची कुपी सापडली की तेवढ्यापुरता जागा होतो आणि एक्स्पायरी विचारतो. मी घेतला एक रानटी गडी. सहा फूट उंच, खांद्यावर कुऱ्हाड, आणि माझ्याच हट्टानं निरक्षर. वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं लावणाऱ्या माणसाला, समोर शिलालेख आला की 'मला वाचता येत नाही' असं छाती काढून सांगण्यात काय सुख आहे, ते परीक्षकालाच कळेल.

या शनिवारी तात्यांच्या गोदामात खताची गाडी उतरली होती, म्हणून बैठक आमच्या घरी बसली. फासे फरशीवर घरंगळून सोफ्याखाली जातात म्हणून बायकोनं परात दिली. आई पलीकडं मेथी निवडत होती. पंचाहत्तरी ओलांडलेली आहे. कान शाबूत, विशेषतः तिला ऐकवायचं नसेल तेव्हा. "दुसराच कुणी झाल्यासारखं बोलायचं आणि फासे टाकायचे, एवढंच ना?" ती म्हणाली. "मग हा खंडोबाचाच खेळ की."

आणि तिनं पुतण्याला ती गोष्ट सांगितली जी इकडच्या प्रत्येक वाघ्याच्या तोंडी आहे. जेजुरीच्या गडावर खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळायला बसले. देव हरला. ठरल्या पैजेप्रमाणं बारा वर्षं घर सोडावं लागलं. देवानं धनगरवाड्यावर जाऊन साध्या गड्याचं सोंग घेतलं आणि बानूच्या बापाची मेंढरं राखली. एकदा त्यानं सगळी मेंढरं मारून टाकली आणि बाप रडायला लागल्यावर म्हणाला, बानू मला दे, उठवतो. दिली. उठवली. पुतण्यानं मेंढरं जिवंत करायचा मंत्र कितव्या लेव्हलचा पडेल याचा मनातल्या मनात विचार केलेला दिसला. मला सुचलं ते वेगळंच. हीच कऱ्हा जेजुरीखालून वाहत आमच्या बारामतीत येते. म्हणजे फाशात हरून परक्या वेशात बारा वर्षं रमणारा देव आणि नायकाचं नाव न घेता रामायण रचणारा कवी एकाच पाण्यावरचे. आमच्याकडं ॲव्हरेजचा प्रश्न कॅनॉल आल्यावर कधीतरी पडू लागला असावा. त्या आधी इथं मोठमोठे लोक खेळतच होते. आणि म्हाळसेनं बारा वर्षांत त्याला ॲव्हरेज विचारल्याचं ऐकिवात नाही. बानू घरी आल्यावर काय काय विचारलं ते मात्र प्रसिद्ध आहे.

पुतण्याची एक अडचण होती. पुस्तकातले किल्ले, तळघरं, बर्फाळ डोंगर आम्हाला काही केल्या दिसेनात. डॉक्टर प्रत्येक वाड्याला दिंडीदरवाजा आणि तात्या प्रत्येक तळघराला बळद बसवायचे. तेव्हा त्यानं या वेळी गोष्टच उजनीच्या पाण्यात नेली. भीमेवर धरण झालं आणि १९८० च्या सुमाराला काठची गावं पाण्याखाली गेली. त्यात जुनं पळसदेव गेलं. पळसनाथाचं देऊळ तेवढं अजून पाणी उतरलं की वर येतं, आधी शिखर, मग हळूहळू बाकीचं. पुतण्यानं सुरुवात केली: उन्हाळा आहे, पाणी ओसरलंय, चिखलातून तुम्ही नदीच्या बाजूनं देवळाकडं निघाला आहात.

"नदीच्या बाजूनं कशाला?" आई म्हणाली. मेथीची जुडी तशीच हातात. "वेशीतून जा. उजव्या हाताला पार लागंल, चिंचेखालचा. त्याच्या म्होरं वाण्याचं दुकान."

माझ्या लक्षात होतं, पण पुतण्याच्या नव्हतं: पळसदेव तिचं माहेर. घरात ती पंचवीस शब्दांवर कधी त्याबद्दल बोललेली नाही. मोबदला मिळाला, भाऊ वर नव्या गावठाणात गेले, विषय संपला. पुतण्यानं पोराटकीचा शहाणपणा दाखवला. त्यानं आपला छापील नकाशा उलटा घातला आणि पाठकोऱ्या बाजूवर, ती सांगेल तसं, पेन्सिलीनं काढत गेला. पार. चिंच. दुकान. पाण्याला जायची वाट, आणि त्या वाटेवरचा एक कुत्रा, जो १९६० नंतर जिवंत असण्याची शक्यता नव्हती. पण तो कागदावर आला आणि तात्यांच्या पॅलाडिनला त्याच्याशी सलोख्यानं बोलावं लागलं. राक्षस अर्धा तास शिखराआड ताटकळला.

अखेर माझा रानटी गडी देवळाच्या पायरीवरून घसरला. खाली पाणी, पोहता येत नाही, फासा टाका. "आण इकडं," आई म्हणाली. तिनं फासा दोन्ही तळहातांत घोळवला, फुंकर घातली, लहानपणी सारीपाटावर कवड्या टाकायची तसाच मनगटाला झटका दिला आणि परातीत टाकला. परात वाजली. चौदा.

"चौदात भागतंय का रं?"

"भागतंय की, आजी," पुतण्या म्हणाला, आणि समोरच्या चिठोऱ्यावर हात ठेवला. हात ठेवायच्या आधी मला त्यावर पंधराचा आकडा दिसला होता. पण माझा गडी निरक्षर. तो मुकाट पाण्यातून वर आला.

रविवारी पळणं. पहाटे मी निरा डाव्या कालव्याच्या कडेनं पळतो, ज्याला आम्ही सगळे कॅनॉल म्हणतो. गावात असेपर्यंत ठीक असतं. तिथं पळणारे, चालणारे, हसण्याच्या वर्गात ठरवून हसणारे, सगळ्या जातीचे लोक भेटतात. गावाबाहेर पडलं की मात्र एकट्या पळणाऱ्या माणसाकडं संकट म्हणून बघतात. कॅन लटकवलेला दूधवाला गाडी हळू करून शेजारून चालवतो.

"काय ओ सर, गाडी बंद पडली काय?"

"नाही."

"बसा की मग मागं. सोडतो."

"नको, पळतोय."

तो आधी माझ्या मागं बघतो, मग पुढं बघतो. "कुणाच्या?" असं विचारतो, आणि उत्तर न मिळाल्यानं काळजीत निघून जातो. ही मंडळी चेष्टा करत नाहीत. त्यांच्या लेखी पळणारा माणूस एक तर पोचायच्या घाईत आहे किंवा सुटायच्या, आणि दोन्ही वेळी त्याला लिफ्ट देणं माणुसकीचं आहे.

हंगामात या वेळी रस्त्यावर उसाच्या गाड्या असतात. जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जातात, आणि त्यांच्या मागं बैलगाड्या, बीडकडून आलेल्या तोडणीच्या लोकांच्या. परवा अशा एका गाडीला मी मागं टाकत होतो. वर मोळ्यांवर कांबळ्यात गुंडाळलेलं पाच-सहा वर्षांचं पोर जागं होतं. बैल, बाप, आई, तिघांच्याही अंगातून थंडीत वाफ निघत होती. माझ्या मनगटावरच्या घड्याळानं किती कॅलरी जळाल्या ते सांगायला तेवढ्यात पिकपिक केलं. मी बाहीनं ते झाकलं. पोर मात्र खूश होतं. त्यानं उसाचं एक कांडं माझ्याकडं भिरकावलं, ते मी झेललं, आणि पुढचं अंतर हातात दांडू घेतल्यासारखा पळत राहिलो.

आमच्या भागात पळण्याची खरी मानकरी घड्याळ घालणारी नाही. बारामतीजवळच्या पिंपळीच्या लता भगवान करे काही वर्षांपूर्वी इथल्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात धावल्या. वय साठीच्या पलीकडं, अंगावर नऊवारी, पाय अनवाणी. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते आणि बक्षिसाची रक्कम तेवढी होती, म्हणून. त्या जिंकल्या. पुढं २०२० साली त्यांच्या नावाचा चित्रपट आला, त्यात स्वतःची भूमिका त्यांनी स्वतःच केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. शनिवारी रानटी गडी होणं सोपं आहे, तात्यांना पॅलाडिन होणंही एक वेळ जमेल. कॅमेऱ्यापुढं पुन्हा एकदा आपणच व्हायचं, तेच भय, तीच धाव, हे सोंग कुठल्या फाशावर साधेल मला सांगता येणार नाही. पिंपळीच्या बाजूला पळत गेलो की माझे महागाचे बूट जरा हळू वाजतात.

आणि तरी बिनकामाच्या पळण्याचीही इथं जुनी चाल आहे. आषाढवारीत तुकोबांची पालखी याच रस्त्यानं जाते. काटेवाडीला परटांनी अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्या आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला पहिलं गोल रिंगण, मग इंदापूरला. देहूहून निघालेली माणसं, पायांना फोड, पंढरपूर अजून कितीतरी लांब. कुणीही शहाणा सल्लागार म्हणेल, आता पाय उचला किंवा पडून राहा. ही मंडळी काय करतात? मैदान आखतात आणि गोल पळतात. झेंडेकरी पळतात, डोईवर तुळस घेतलेल्या बाया पळतात, वीणेकरी पळतात, गळ्यातला पखवाज सांभाळत पखवाजवाले पळतात. मग स्वाराचा घोडा आणि त्याच्यामागं तो दुसरा, ज्याच्या पाठीवर कुणी दिसत नाही. जिथून सुटले तिथंच येऊन पोचतात. पंढरपूर एका पावलानंही जवळ आलेलं नसतं. लहानपणी बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खांद्यावर बसून बेलवाडीचं रिंगण बघताना मी विचारलं होतं, हे दमत कसे नाहीत? बापू म्हणाले, "दमलेत म्हणून तर पळतायत." मला ते तेव्हा उत्तर वाटलं नव्हतं. मग लोक धावत सुटले, टापांखालची माती कपाळाला लावायला, आणि मी खांद्यावर असल्यामुळं बापूंना वाकता येईना. शेवटी शेजारच्या अनोळखी माणसानं स्वतःच्या कपाळाची माती बोटानं काढून माझ्या कपाळाला लावली.

पळून झाल्यावर तात्यांच्या दुकानी चहा होतो. पुतण्या पाण्याची बाटली घेऊन सायकलवर बरोबर असतो, म्हणजे पळतो मी आणि दमतो तो. गल्ल्याजवळच्या बशीत तात्यांनी आपले स्वतःचे फासे ठेवलेत, निळे, हिरवे, पिवळे. समोर सुप्याकडचे एक गृहस्थ बसले होते, साठीचे, पांढरी टोपी, हातात औषधाची रिकामी बाटली, नमुना म्हणून आणलेली. सुपं म्हणजे तालुक्याची जिरायती बाजू. मयूरेश्वरचं अभयारण्य तिकडं आहे, चिंकारांचं. माणसांनीही थोड्या पाण्यात राहायला त्यांच्याकडूनच शिकावं असा तो भाग. त्यांनी वीस बाजूंचा फासा चिमटीत धरून उजेडाकडं बघितला.

"ह्ये कुठलं बियाणं?"

पुतण्यानं सांगितलं. माझ्यापेक्षा बरं सांगितलं. त्यांनी जिंकतं कोण ते विचारलं नाही. विचारलं, "म्हंजी कोण बी होता येतं?"

"कुणीही."

"कारखान्याचा चेअरमन?"

पुतण्या गंभीरपणे आठवू लागला. "चेअरमन नाही. पण ड्रॅगन असतो. सोन्याच्या ढिगावर बसून राहतो आणि कुणाला हात लावू देत नाही."

"नको," ते म्हणाले. "तसलं बघितलंय." चहा संपेपर्यंत ते फासा बोटांवर फिरवत होते. मग जरा संकोचून, "पाऊस पाडणारा असतोय का कुणी?"

"असतो की. ड्रुइड. रानातला साधू असतो तसा. पण हवामान फिरवायचा मंत्र त्याला पंधराव्या लेव्हलला मिळतो."

"म्हंजी किती दिस?"

"दर शनिवारी आलात तर... दोन-तीन वर्षं धरा."

त्यांनी हिशेब केला. टोपी काढून पुन्हा घातली. "लागू द्या. आमाला वाट बघायची सवं हाय. पण येक आत्ताच लिवून घ्या. पाऊस पाडायचा त्यो सुप्याकडं. हिकडं हाय कॅनॉल."

तात्यांची सगळी बागायत कॅनॉलखाली. पाळीपाळीनं येणाऱ्या त्या पाण्यावरून त्यांचं रोज कुणाशी तरी वाजतं. ते तोंड उघडणार होते, तेवढ्यात पुतण्यानं त्यांच्याकडं बघितलं.

"लिही बाबा," तात्या म्हणाले. "पॅलाडिनला काय बोलता येतंय?"